देवीला फणी, मग मावशींना का नाही?

परवा पाथर्डीच्या एसटीत शेजारच्या मावशींच्या डोक्यावर जट दिसली; ओझ्याने मान कललेली. वाचकहो, जट देवीची खूण नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. विंचरणं थांबलं की ते तिथेच अडकतात, तेल, घाम, धूळ त्यांना घट्ट चिकटवते आणि देवीच्या कोपाच्या भीतीने फणी कायमची दूर राहते. जिवंत असतं ते मूळ. बाहेरचा केस मृत केराटिन, कापताना दुखत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव पूर्वी ब्युटीपार्लर चालवायच्या. त्यांच्या कात्रीने कितीतरी बायकांच्या माना मोकळ्या केल्या. मोहटादेवीची ओटी भरताना आपण फणी-करंडा हौसेने वाहतो ना? मग घरातल्या पोरीच्या केसांत पहिला गुंता दिसताच खोबरेल लावा, मोठ्या दातांची फणी घ्या आणि टोकाकडून हळूहळू सोडवा.