विकली गेली म्हणजे चालली का?

विंडोज व्हिस्टा फ्लॉप होती असं म्हटलं की कुणीतरी हमखास आकडा तोंडावर फेकतं: १८ कोटी. आकडा खरा आहे. जानेवारी २००७मध्ये व्हिस्टा दुकानांत आली आणि जुलै २००८पर्यंत १८ कोटी लायसन्स विकल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. जून २००८ला संपलेल्या वर्षात कंपनीचा महसूल ६० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. मग अपयश कसलं?

मी म्हणतो, अपयशच. धंद्याचंसुद्धा.

ही लायसन्स विकत कोण घेत होतं? बहुतांशी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या. तुम्ही लॅपटॉप घ्यायचा, त्यात व्हिस्टा आधीच बसलेली. खानावळीत थाळीसोबत लोणचं येतं. पाचशे थाळ्या गेल्या म्हणून लोणचं पाचशे जणांना आवडलं, असं मालक म्हणू शकतो. पण ताटात किती उरलं ते बघायला नको?

तर ताट बघू. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांवर जुन्या एक्सपीकडे परत जायची कायदेशीर मुभा होती. कंपन्यांनी ती वापरली. नव्या मशीनवर एक्सपी बसवून मिळावी म्हणून लोकांनी वर पैसेही मोजले. गंमत म्हणजे असं प्रत्येक मशीन हिशोबात व्हिस्टाची विक्री म्हणूनच धरलं जात होतं!

नव्या पीसींसोबत एक्सपी देणं जानेवारी २००८अखेर थांबणार होतं. ती तारीख जूनअखेरपर्यंत ढकलावी लागली. स्वस्त, छोट्या नेटबुकवर व्हिस्टा पेलेना, म्हणून तिथे एक्सपी त्यानंतरही चालू ठेवली. स्वतःच्या नव्या मालाशी स्पर्धा करायला कंपनीने स्वतःचाच सहा वर्षं जुना माल उभा केला.

आणि ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचं काय झालं? २००६मध्ये पीसींवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले. त्यातल्या कित्येक मशीनवर फक्त होम बेसिक धड चालायची; जाहिरातीतला चकचकीत एरो इंटरफेस नाही. ग्राहक कोर्टात गेले. सामूहिक दावा म्हणून तो २००९मध्ये टिकला नाही, पण त्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. कंपनीच्याच एका बड्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की, आपण घेतलेला महागडा लॅपटॉप आता फक्त ईमेलपुरता उरलाय.

इथे आम्हा इंजिनिअर लोकांचा आवडता बचाव येतो: व्हिस्टा आतून चांगली होती. बरोबर आहे. सुरक्षेचं नवं मॉडेल, ग्राफिक्स ड्रायव्हरची नवी रचना, सगळं तिथलंच. २००९ची लाडकी विंडोज ७ त्याच पायावर उभी होती. आतला आवृत्ती क्रमांक ६.० वरून फक्त ६.१ झाला. पण यातून सिद्ध काय होतं? हेच काम लोक आनंदाने घेऊ शकत होते, आणि २००७मध्ये कंपनीला ते विकता आलं नाही. ड्रायव्हर तयार नाहीत, हार्डवेअर पुरत नाही, स्टिकर खोटी आशा दाखवतोय. ग्राहक कर्नल विकत घेत नाही, हे सगळं मिळून घेतो.

किंमत पैशातच मोजली जाते असंही नाही. कंपन्या एक्सपीवर रुतून बसल्या. तिचा सपोर्ट एप्रिल २०१४मध्ये संपला, तरी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या बँकांना एटीएमवरून ती हटवायला मुदत घालून द्यावी लागली. सगळा दोष व्हिस्टाचा नाही. पण लोकांना जुनं सोडावंसं वाटेल असं नवं वेळेत मिळालं नाही, हा तिचाच वाटा.

हे आज का उगाळायचं? कारण तीच चलाखी रोज चालते. फोनमध्ये आधीच कोंबलेलं अ‍ॅप ‘कोट्यवधी युजर’ मिरवतं. जबरदस्तीने अपडेट ढकललं जातं आणि डॅशबोर्डवर नव्या आवृत्तीचा आलेख चढतो. मीटिंगमध्ये टाळ्या पडतात.

पुढच्या वेळी असा आकडा दिसला की एकच विचारा: यातल्या किती जणांना नाही म्हणता येत होतं, आणि त्यांनी काय केलं? व्हिस्टाच्या वेळी ज्यांना म्हणता आलं, त्यातल्या फार जणांनी एक्सपी मागितली. माझ्या लेखी निकाल तिथेच लागतो.