'विचारात घ्यावे' म्हणजे नेमके काय करावे? ब्रिटिश सरकारी खरेदीची भाषा आणि आपण



"टेंडरबिंडर ठेकेदारांनी बघावे, आपले काम प्रबोधनाचे," असे आपल्या बैठकांत अजूनही सर्रास म्हटले जाते. आम्हाला हे मान्य नाही. सरकारी पैसा ज्या भाषेत वाटला जातो ती भाषा ज्या समाजाला वाचता येत नाही, त्या समाजाच्या हाती त्या पैशातून शेवटी झाडूच येतो, आणि तोही कंत्राटी.

उदाहरण म्हणून आम्ही ब्रिटन घेत आहोत. तिथले केंद्र सरकार, नगरपालिका, रुग्णालये, शाळा, तुरुंग मिळून वर्षाला ३०० अब्ज पौंडांहून अधिक खरेदी करतात. यात नुसती खुर्च्या-टेबले नाहीत. वृद्धांची देखभाल, रुग्णालयाची साफसफाई, शाळेतले जेवण, रस्त्यावरचा कचरा, हे सगळे बाहेरच्या कंपन्यांकडून विकत घेतले जाते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली त्या देशात शिकायला जातात, किंग हेन्री रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरासमोर फोटो काढतात (काढलाच पाहिजे), आणि परतताना 'तिथे समानतेचा कायदा आहे' हे वाक्य सोबत आणतात. कायदा आहे, हे खरे. पण त्या कायद्याचे पैशाच्या व्यवहारात काय होते, हे टेंडरच्या कागदात कळते. शिवाय २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात सरकारी खरेदीचे स्वतंत्र प्रकरण आहे. ब्रिटिश कंपन्यांना आपल्या केंद्र सरकारच्या मोठ्या टेंडरांचे दार त्याने उघडते. कंपन्या येतील तशी त्यांची परिभाषाही येईल. ती आधीच समजून घेतलेली बरी.

आमचा मुद्दा थोडक्यात असा: ब्रिटिश खरेदी-कायद्यात समता हरते किंवा जिंकते ती मोठमोठ्या नामांमध्ये नाही, छोट्या क्रियापदांमध्ये. 'सोशल व्हॅल्यू', 'पब्लिक बेनिफिट', 'इन्क्लुजन' ही नामे पाहून आपण टाळ्या वाजवतो. त्यांच्या मागे 'केलेच पाहिजे' आहे, 'करता येईल' आहे की नुसते 'विचारात घ्यावे' आहे, ते पाहत नाही.

थोडा इतिहास पाहू. १८९१ साली ब्रिटिश संसदेने 'फेअर वेजेस रिझोल्यूशन' मंजूर केला. सरकारी काम घेणाऱ्या ठेकेदाराने त्या धंद्यातली प्रचलित मजुरी दिली पाहिजे, असा तो ठराव. १९४६ मध्ये तो आणखी पक्का झाला आणि कामगाराच्या संघटनेत जाण्याच्या स्वातंत्र्याची अटही त्यात आली. म्हणजे सरकार विकत घेताना किमतीबरोबर मजुरीही बघणार, हे जवळजवळ शंभर वर्षे त्या देशात मान्य होते. थॅचरबाईंच्या सरकारने १९८३ मध्ये हा ठराव गुंडाळला. त्याआधी १९८२ मध्येच सार्वजनिक कंत्राटांतील मजुरीच्या अटींबाबतच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ९४ क्रमांकाच्या करारातून ब्रिटनने अंग काढून घेतले होते. दंगल नाही, मोर्चा नाही. एक परिच्छेद निघून गेला आणि ठेकेदार मोकळा झाला.

मग आला 'कम्पल्सरी कॉम्पिटिटिव्ह टेंडरिंग', म्हणजे सक्तीची स्पर्धा. १९८० च्या कायद्याने बांधकाम व देखभाल, आणि १९८८ च्या कायद्याने कचरा उचलणे, इमारतींची सफाई, स्वयंपाक, बागांची निगा ही कामे नगरपालिकांनी बाजारात मांडलीच पाहिजेत, असे ठरले. बघा, इथे क्रियापद किती कडक आहे! खाजगीकरणाच्या बाबतीत 'विचारात घ्यावे' असे कोणी लिहिले नाही.

त्याच १९८८ च्या कायद्यातले कलम १७ प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. त्यातला शब्द आहे 'नॉन-कमर्शियल मॅटर्स', अव्यापारी बाबी. कंत्राट देताना नगरपालिकेने या अव्यापारी बाबी पाहायच्या नाहीत, अशी बंदी. आणि अव्यापारी काय काय? ठेकेदार कामगारांना कोणत्या अटींवर राबवतो, त्याच्याकडे कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, तो कोणत्या देशात धंदा करतो, हे सगळे. लंडनच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८३ पासून एक विभाग चालवला होता. आमचे कंत्राट हवे असेल तर काळ्या लोकांना आणि स्त्रियांना तुमच्याकडे समान संधी आहे हे दाखवा, असे तो विभाग ठेकेदारांना विचारायचा. १९८६ मध्ये ती कौन्सिलच बरखास्त केली गेली. लंडनच्याच लुईशम नगरपालिकेने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी संबंध ठेवणाऱ्या शेल कंपनीवर बहिष्कार घातला, तर १९८८ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. वंशाच्या प्रश्नावर कलम १८ ने एक फट ठेवली: मंत्र्याने मंजूर केलेले सहा ठरावीक प्रश्न ठेकेदाराला विचारता येतील. सहाच. स्त्रियांबद्दल तर तेवढेही नाहीत.

आता सांगा, सफाई कामगाराचे पोट 'अव्यापारी' कसे? झाडू मारण्याच्या धंद्यात मजुरी हाच मुख्य खर्च. एका ठेकेदाराचा दर दुसऱ्यापेक्षा कमी येतो तो बहुतेक वेळा तिथूनच. ज्या गोष्टीतून नफा निघतो तिलाच व्यवहाराबाहेरची म्हणायचे, ही चलाखी आपल्याला नवीन नाही. कोणाच्या श्रमावर गाव चालते हा प्रश्न गावगाड्यानेही कधी विषयपत्रिकेवर घेतला नव्हता.

सक्तीचे टेंडरिंग पुढे गेले, १९९९ च्या कायद्याने 'बेस्ट व्हॅल्यू' हा शब्द आणला. आणि २०१२ मध्ये 'पब्लिक सर्व्हिसेस (सोशल व्हॅल्यू) ॲक्ट' आला. नाव वाचून छाती भरून येते. आत क्रियापद आहे 'कन्सिडर'. सेवा विकत घेण्याआधी, त्यातून परिसराचे सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय भले कसे होईल याचा विचार करावा, एवढेच. विचार केला आणि जुन्याच मोठ्या कंपनीला काम दिले, तरी कायदा पाळला गेला.

२०२१ पासून केंद्रीय खात्यांनी एक पाऊल पुढे टाकले. टेंडरच्या गुणांमध्ये सोशल व्हॅल्यूला किमान १० टक्के वजन बंधनकारक केले. हे 'कन्सिडर'पेक्षा निश्चित चांगले, कारण आकडा आला. पण गणित करून बघा. समजा किमतीला ४० गुण, दर्जाला ५०, सोशल व्हॅल्यूला १०. सर्वांत कमी दराला पूर्ण ४० आणि इतरांना त्या प्रमाणात, ही गुण देण्याची नेहमीची पद्धत. मोठ्या कंपनीने ९० लाख पौंडांचा दर भरला, वस्तीतल्या सहकारी संस्थेने कामगारांना नीट पगार धरून १ कोटी पौंडांचा. संस्थेला किमतीचे ३६ गुण मिळतात, म्हणजे ४ गेले. दर्जाचे गुण दोघांचे सारखे धरले, तर ही तूट भरून नुसती बरोबरी करायला सोशल व्हॅल्यूच्या १० पैकी ४ गुण मोठ्या कंपनीपेक्षा जास्त मिळवायला हवेत. आणि मोठ्या कंपनीकडे त्या १० गुणांचे निबंध लिहायला पगारी 'बिड रायटर' बसलेले असतात. वस्तीतली बाई वस्तीचे भले प्रत्यक्ष करते, पण तिला ते पाचशे शब्दांत, दिलेल्या चौकटीत लिहायचे असते. परीक्षा कोणाच्या भाषेत घेतली जाते, हा आपला जुना प्रश्न इथेही तसाच आहे.

सध्याचा कायदा 'प्रोक्युअरमेंट ॲक्ट २०२३'. तो २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला. आधी सर्वांत 'आर्थिकदृष्ट्या फायदेशीर' टेंडर निवडायचे, त्याला लघुरूपाने 'मीट' म्हणत. नव्या कायद्याने 'आर्थिकदृष्ट्या' हा शब्द काढला आणि 'मीट'चे 'मॅट' झाले: सर्वांत फायदेशीर टेंडर. यावर तिकडच्या सल्लागारांनी भरपूर लिहिले. आमचे म्हणणे, शब्द काढणे चांगलेच, पण फायदा कोणाचा हे अजून खरेदी करणारा अधिकारीच ठरवतो. कायद्यात खरेदीची उद्दिष्टे आहेत, त्यात सार्वजनिक हित जास्तीत जास्त साधणे हेही आहे. त्याआधीचे क्रियापद पुन्हा 'हॅव रिगार्ड', ध्यानात ठेवावे. लहान उद्योगांना अडथळे येऊ शकतात, तेही असेच ध्यानात ठेवायचे.

ही उतरंड पाठ करा. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. 'ड्यू रिगार्ड' म्हणजे गांभीर्याने, मोकळ्या मनाने विचार केल्याचा पुरावा असला पाहिजे. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचे कलम १४९ याच पायरीवर उभे आहे, ते प्रक्रिया मागते, निकाल मागत नाही. त्याखाली 'हॅव रिगार्ड', 'कन्सिडर', आणि सगळ्यात खाली 'मे', म्हणजे वाटले तर.

या उतरंडीत आपली जात कुठे बसते? इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम ९ मध्ये २०१० साली लिहिले गेले की मंत्री जातीला वंशाचा एक भाग म्हणून समाविष्ट करू शकतो. 'मे'. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सरकारने स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासात ब्रिटनमध्ये जातीय भेदभावाचे पुरावे मिळाले. तिथल्या आंबेडकरी आणि रविदासिया संघटनांनी झुंज दिली आणि २०१३ मध्ये संसदेने तो शब्द बदलून 'मस्ट' केला. मोठा विजय! पण 'कधीपर्यंत' हे लिहिले नव्हते. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की जात कायद्यात घालणार नाही, न्यायालयाचे निकाल पुरेसे आहेत.

निकाल कोणता? घरकाम करणाऱ्या एका आदिवासी महिलेच्या खटल्यात २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले, की जातीची काही प्रकरणे 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकतात. निकाल महत्त्वाचाच आहे. पण निकाल अन्याय झाल्यानंतर येतो, एकट्या कामगाराच्या पाठीवरून येतो. टेंडरची अट अन्यायाआधी लागते आणि ती कंपनीला लागते. कायद्यात 'जात' हा शब्द नाही, म्हणून टेंडरसोबतच्या समानतेच्या प्रश्नावलीत तो आपोआप येत नाही. देखभाल केंद्राचा ठेकेदार आपल्या पाळ्या जात बघून लावत असेल, तर कंत्राट मिळवताना त्याला त्याबद्दल कोणी विचारणार नाही. आंबेडकरी तरुणाने टेंडर का वाचावे, याचे उत्तर इथे आहे.

गुणवत्तेवरून आपल्याला शिकवणाऱ्यांसाठी एक आकडेवारी ठेवतो. कोविड काळात 'अत्यंत तातडी' या शब्दांखाली ब्रिटनमध्ये स्पर्धेविना थेट कंत्राटे दिली गेली. मंत्री, खासदार, अधिकारी यांच्या ओळखीने आलेल्या पुरवठादारांसाठी वेगळी रांग होती, लोकांनी तिला 'व्हीआयपी लेन' म्हटले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालानुसार या रांगेतल्या ४९३ पैकी ४७ जणांना कंत्राट मिळाले. साध्या रांगेतल्या १४,८९२ पैकी १०४ जणांना. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ही रांग समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली, पण त्या खटल्यातल्या कंपन्यांना कंत्राट एरवीही मिळाले असते असे म्हणून पुढचा दिलासा दिला नाही. ओळखीचे आरक्षण हे असे असते.

आता आपल्या बाजूचा एक आक्षेप. ही भांडवलदारांची भाषा, ती शिकून आपण त्यांच्याच खेळात अडकू, असे काही डावे मित्र आणि आपले काही कार्यकर्ते म्हणतात. आम्ही विचारतो, बाबासाहेबांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध कशाला लिहिला? १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते कशाला सांभाळले? त्यांना वित्ताची भाषा सत्ताधाऱ्यांइतकीच येत होती, म्हणून त्यांना उडवून लावता येत नव्हते.

भारतात केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा वाटा आज २५ टक्के आहे आणि त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी ४ टक्के. तो पूर्ण करून घेणे हा वेगळा लढा आहे. पण आकडा आहे म्हणून निदान 'किती झाले' हे विचारता येते. ब्रिटनमध्ये राखीव कंत्राटे आहेत, उदाहरणार्थ किमान ३० टक्के कर्मचारी अपंग किंवा वंचित असलेल्या संस्थांसाठी. वंशासाठी आकडा नाही, जातीसाठी तर शब्दही नाही. व्यापार करारातून तिकडचा 'सोशल व्हॅल्यू' आपल्याकडे आला आणि त्याच्या मोबदल्यात कोणी या ४ टक्क्यांकडे बोट दाखवले, तर आपण विशेषणाच्या बदल्यात आकडा सोडणार आहोत का?

वुल्वरहॅम्प्टन, बेडफर्ड, साउथॉल येथे राहणाऱ्या किंवा शिकणाऱ्या आपल्या मित्रांना एक काम सांगतो. 'फाइंड अ टेंडर' ही सरकारी सेवा सगळ्यांसाठी खुली आहे. तिथे आपल्या नगरपालिकेचे सफाईचे किंवा देखभालीचे एक कंत्राट शोधा. ते नव्या कायद्याखालचे आणि ५० लाख पौंडांवरचे असेल, तर साधारणपणे कामगिरीचे किमान तीन निकष जाहीर करावे लागतात. ते वाचा, त्यात कामगाराबद्दल काही आहे का पाहा. मग माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली विचारा: सोशल व्हॅल्यूला किती गुण होते, जिंकणाऱ्याने काय कबूल केले, त्यातले किती झाले, आणि समानतेच्या प्रश्नांत जातीचा उल्लेख होता का. उत्तर २० कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. तिथे क्रियापद 'मस्ट' आहे आणि सोबत मुदतही आहे.