यश ओसरले, व्रत टिकले

वरातीतील डीजेमुळे यंत्रांवर घडविलेले नृत्यसंगीत नांदेड-लातूरकरांच्या कानांना आता अपरिचित राहिलेले नाही. याच प्रकारच्या संगीतात जगभर नाव मिळविलेला अमेरिकन कलावंत म्हणजे मोबी. त्याचा जन्म १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. मूळ नाव रिचर्ड मेलव्हिल हॉल. १९९१ मध्ये ‘गो’ या रचनेने तो प्रकाशात आला आणि १९९५ च्या ‘एव्हरीथिंग इज राँग’ या अल्बमची समीक्षकांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली.

पुढच्याच वर्षी मोबीने गिटार पुढे केली आणि पंक रॉककडे वळलेला ‘ॲनिमल राइट्स’, अर्थात ‘प्राण्यांचे हक्क’, हा अल्बम काढला. पंक म्हणजे वेगवान, खरखरीत आणि संतापाने ओरडून गायिलेले संगीत. नृत्यसंगीताचे चाहते बुचकळ्यात पडले, टीका झाली, खपही घसरला. संगीतच सोडावे, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

वास्तविक हे वळण म्हणजे घरी परतणेच होते. किशोरवयात तो कनेक्टिकटमधील एका पंक वाद्यवृंदात गिटार वाजवीत असे. याच पंकच्या एका प्रवाहाने १९८० नंतर मद्य आणि अमली पदार्थ नाकारले आणि त्यातील अनेक तरुणांनी पुढे मांसाहारही सोडला. बाहेरून स्वैर भासणाऱ्या त्या कोलाहलात संयमाचा असा एक झरा होता. मोबीने १९८७ पासून मांसाबरोबर दूधदुभतेही वर्ज्य केले आहे.

करुणेचा कैवार कर्कश स्वरात घ्यावा काय? भाषासमितीचे महत्त्व जाणणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच. आवाज ऐकूनच जे परतले, त्यांच्यापर्यंत अल्बमसोबत छापलेले प्राण्यांविषयीचे विचार कसे पोहोचणार? १९९९ मध्ये आलेल्या ‘प्ले’ या मृदू सुरांच्या अल्बमच्या मात्र एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. स्वराचे सामर्थ्य यातून दिसते. तथापि निष्ठेची कसोटी आधीच लागली होती. श्रोते दुरावले तेव्हा व्रत ढळले नाही आणि वैभव आले तेव्हाही ते सुटले नाही. पुढे २०१५ मध्ये त्याने लॉस एंजेलिसमध्ये पूर्णतः वनस्पतिजन्य पदार्थांचे उपाहारगृह काढून त्याचा नफा प्राणिरक्षणासाठी दिला. २०२३ मध्ये पंक आणि प्राणिदया यांच्या नात्यावरील त्याचा चित्रपट सर्वांना विनामूल्य खुला झाला.

अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या घरातही एखादा तरुण मुलगा ताडकन विचारतो, “मांस नको, मग डेअरीतल्या गाईचे काय? चामड्याच्या पट्ट्याचे काय?” त्याचा सूर खटकतो आणि वडीलधारी मंडळी विषय तिथेच मिटवतात. सूर सौम्य करण्यास त्याला अवश्य शिकवावे. परंतु त्याआधी प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. पुष्कळदा करुणेला प्रथम कंठ फुटतो, तो असाच खरखरीत.