इंजिन बदलायचं की बांधून घ्यायचं?

घरातला मिक्सर जळाला, फ्रिज गार करेनासा झाला, की निर्णय बाईचा. दुरुस्त करायचा की नवा आणायचा हे ती चार दुकानं फिरून, घासाघीस करून ठरवते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण दारातल्या गाडीचं इंजिन गेलं, की तीच बाई एकदम अडाणी ठरते! ‘तुला त्यातलं काय कळतं?’ म्हणत पुरुषमंडळींची पानटपरीवर परिषद भरते. चार जणांची पाच मतं पडतात आणि शेवटी घरी येते ती फक्त पैशांची मागणी. भिशीचे पैसे चालतात, बचतगटाचं कर्ज चालतं, वेळ पडली तर पाटल्याही चालतात. चालत नाही ते तिचं मत.

आणि हा प्रश्न आपल्यासारख्या छोट्या गावांतच जास्त येतो बरं का. मारुती ८०० चंच बघा. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली. एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हा तेरा मोठ्या शहरांत तिची विक्री थांबली, पण बाकी ठिकाणी २०१४ पर्यंत ती मिळत होती. म्हणजे शेवटच्या काही वर्षांतल्या गाड्या आल्या त्या आपल्याकडेच. तिचंच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन असलेली ओम्नी तर २०१९ पर्यंत विकली जात होती. या गाड्या अजून बाजारहाट करतायत, शाळेची पोरं नेतायत. त्यांची इंजिनं आता एकेक करून थकणारच.

इंजिन थकलं की गॅरेजवाला दोन रस्ते दाखवतो. एक म्हणजे ‘कटिंग’चं इंजिन. भंगारात तोडलेल्या दुसऱ्या गाडीतून काढलेलं, आपल्या गाडीत जसंच्या तसं बसवायचं. दुसरा म्हणजे आपलंच इंजिन खोलून, झिजलेलं काढून, नवं घालून पुन्हा बांधायचं. त्याला आपण नुसतं ‘इंजिनकाम’ म्हणतो. कंपनीचं कोरं इंजिन हा तिसरा रस्ताही असतो, पण एवढ्या जुन्या गाडीला तो बहुधा गाडीच्याच किमतीच्या आसपास जातो, त्यामुळे तो सोडून देऊ.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपला ब्लॉक धड असेल, गावात किंवा तालुक्याला चांगला बोअरिंगवाला असेल, तर आपलंच इंजिन बांधून घ्यावं. स्वस्त पडतं म्हणून नाही, कारण ते तसं पडतही नाही. आपल्या इंजिनाचा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक असतो म्हणून. कटिंगच्या इंजिनाला बाहेरून डिझेलनं धुऊन चकचकीत केलेलं असतं. आत ते किती तापलंय, किती दिवस ऑइलविना पळालंय, अपघातातल्या गाडीचं आहे की चोरीच्या, हे विकणाऱ्यालासुद्धा पुष्कळदा माहीत नसतं.

आपल्याला हा विचार काही नवा नाही. पाटा गुळगुळीत झाला, चटणी बारीक होईना, म्हणून कुणी पाटा फेकला का? दारावर टाकी लावणारी बाई यायची, छिन्नीनं टक्टक् करून खाचा पाडून द्यायची, की पुन्हा दहा वर्षं बघायला नको. इंजिनाच्या सिलिंडरचंही थोडंफार तसंच असतं. पिस्टन वर-खाली होऊन होऊन सिलिंडरची भिंत झिजते, गुळगुळीत होते, गोलाईही बिघडते. मग बोअरिंगवाला ती पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठी करतो आणि शेवटी तिच्यावर मुद्दाम बारीक तिरके ओरखडे पाडतो. त्या ओरखड्यांत ऑइल धरून राहतं. तेवढ्याच मापाचे मोठे पिस्टन आणि रिंगा टाकल्या की झालं. टाकीच म्हणा ना!

पण या दोन रस्त्यांच्या आधी एक पायरी असते, आणि घाईत हमखास तीच गाळली जाते. इंजिनाला नेमकं झालंय काय? धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याला इंजिन खोलायची गरजच नसते. गाडी चांगली तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखं काही जमलं असेल, तर पाणी ऑइलात शिरतंय. बहुतेकदा हेडचं गॅस्केट गेलेलं असतं. गॅस्केट बदलून, हेड वाकलं असेल तर घासून सपाट केलं की भागतं. आमच्या ओळखीच्या एक बाई स्वतः शाळेची व्हॅन चालवतात. त्यांना एका गॅरेजमध्ये ‘पूर्ण इंजिन गेलं’ असं सांगितलं होतं, दुसऱ्यानं तपासलं तर नुसतं हेडचं काम निघालं.

तपासायचं कसं, तर कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबाचं मीटर लावतात, स्टार्टर मारतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. अर्ध्या तासाचं काम. दाब कमी निघाला तर त्याच भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघायचं. दाब वाढला तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. तसाच राहिला तर दोष बहुतेक वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. हे आकडे कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला जो कांकू करतो, त्याच्याकडे इंजिन खोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या ओम्नीचा असाच प्रश्न आला. मसाले, पापड, कुरडया घेऊन ताई आठवड्याला दोन बाजार करतात. गाडी निळा धूर सोडायला लागली, चढाला दम लागायला लागला, दर बाजाराला ऑइल घालावं लागायला लागलं. टेस्टमध्ये तिन्ही सिलिंडरचा दाब कमी, ऑइल सोडल्यावर वाढला. म्हणजे खरोखरच इंजिनकाम. त्यांचे यजमान आणि मित्रमंडळींनी एका दिवसात ठरवलं, मुंबईहून, कुर्ल्याहून अठरा हजारांत इंजिन आणायचं, दोन दिवसांत गाडी चालू! गॅरेजवाला इंजिनकामाचे बत्तीस हजार सांगत होता आणि दिवस अकरा. ताई गॅरेजवर विचारायला गेल्या तर तो म्हणाला, “ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.”

“दादा, पैसे मी देणार आहे. समजवायचं ते मलाच समजवा,” ताई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

मग हिशेब झाला. अठरा हजार इंजिनाचे. जुनं उतरवून ते चढवायचे पाच हजार. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, ऑइल सील हे सगळं त्या अनोळखी इंजिनात तसंच ठेवायचं धाडस कोण करणार? ते, ऑइल आणि फिल्टर धरून चार हजार. झाले सत्तावीस. इकडे बत्तीस हजार, शिवाय अकरा दिवसांत बुडणारे तीन बाजार, त्यासाठी भाड्याचा टेम्पो बाराशेप्रमाणे. म्हणजे पस्तीस हजार सहाशे. फरक चौदा हजारांचा नव्हताच, साडेआठ हजारांचा होता. आणि तेवढ्या पैशात नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, घासलेला क्रँक, असं सगळं डोळ्यांदेखत बसणार होतं. ताईंनी बांधून घ्यायचं ठरवलं.

टेम्पोचं भाडं या हिशेबात ताईंनीच आणलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरुषांच्या परिषदेत दोन्हीकडच्या पार्टच्या किमती होत्या, पण गाडी बंद असताना बाईचा धंदा कसा चालणार, हा खर्च कुणाच्याच तोंडात नव्हता. आणि तोच खर्च कधीकधी उलटा कौलही देतो. उन्हाळ्यात पापडांच्या दिवसांत किंवा दिवाळीच्या तोंडावर गाडी बसली असती, तर अकरा दिवस परवडले नसते. तेव्हा दोन दिवसांत बसणारं इंजिन घेणं हाच शहाणपणा ठरला असता. म्हणून म्हणते, हे गणित ज्या बाईची गाडी पोटापाण्याशी बांधलेली आहे तिनंच मांडावं.

इंजिनकामातही फसवणूक असतेच. नुसत्या रिंगा बदलून ‘फुल इंजिनकाम’ म्हणून बिल लावणारे महाभाग आहेत. झिजलेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा टाकल्या की काही महिने बरं वाटतं, मग पुन्हा तोच धूर. म्हणून सिलिंडरचं माप घेताना समोर उभं राहावं. बोअरिंगवाल्याचं बिल वेगळं मागावं, पार्टचं वेगळं, मजुरीचं वेगळं. आणि काढलेले सगळे जुने पार्ट पोत्यात भरून परत मागावेत. भंगारात त्यांचे फार पैसे येत नाहीत, पण परत द्यायचेत म्हटलं की मिस्त्री ते खरोखर बदलतो! गाडी परत आल्यावर पहिले हजारेक किलोमीटर दामटायची नाही, घाटात ओझं भरून न्यायची नाही, आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं. घरातल्या तरण्याबांड मंडळींना हे बजावून सांगावं लागतं, एवढंच.

आणि एक, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची आपल्याकडची सवय सोडा. बोअरच्या पाण्यानं अंघोळीच्या बंबाला आतून जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मग इंजिन तापतं आणि बांधलेलं नवंकोरं कामही वाया जातं. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखालीच असतं, बसल्या जागी चटके बसायला लागले तर काट्याकडे बघा, पदरानं वारा घेत बसू नका.

कटिंगचं इंजिन घ्यावंच लागतं अशीही वेळ येते. ब्लॉकला तडा गेला, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला, तर बांधायला उरतंच काय? अशा वेळी इंजिन शक्यतो चालू करून, ऐकून घ्यावं. ते जमत नसेल तर निदान कॉम्प्रेशन बघावं, झाकणाखाली साय आहे का बघावी. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्यावा आणि तो इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहावा. नंबर खरवडलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

कारण पुढचं काम आरटीओत असतं, आणि नेमकं तेच बोलायचं राहून जातं. आरसीवर चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. ‘कोण बघतंय’ म्हणून हे टाळलं, की अपघाताच्या क्लेमला किंवा गाडी विकताना ते निघतंच. आणि पुष्कळ घरांत गाडी ‘सौं’च्या नावावर असते, तेव्हा पोलीस चौकीत बोलावणं कुणाला येणार ते सांगायला नको. आपलंच इंजिन बांधून घेतलं, ब्लॉक तोच राहिला, की नंबर तोच राहतो. हा सगळा व्याप वाचतो. ताईंच्या साडेआठ हजारांत हेही आलं.

गाडीचं वय मात्र आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि वर पर्यावरण कर आहेच. ताईंची गाडी २०१४ ची, तिला अजून वाव होता. तेरा-चौदा वर्षं झालेली, पत्रा गंजलेला, खालून जमीन दिसायला लागलेली गाडी असेल, तर बत्तीस हजारही घालू नका आणि अठराही नको. आहे तशी, मिळेल त्या किमतीला विकून टाका. ते पैसे पुढच्या गाडीच्या बाजूला ठेवा, तुमच्या स्वतःच्या खात्यात.