नऊ गोळ्यांचा हिशेब

दोस्तांनो, या आठवड्याचं पत्र आलंय रोह्याजवळच्या धाटावहून. लिहिणारी मुलगी आठवीत आहे. ती म्हणते, "काका, आमच्याकडे एमआयडीसी आहे. शाळेत जाताना रसायनांचे टँकर दिसतात. पुस्तकात रेणूंची चित्रं आहेत, नुसते गोळे आणि काड्या. रेणू खरंच असे असतात का? आणि असे गप्प बसतात का? मला ते विज्ञान प्रदर्शनात हलताना दाखवायचेत. पण घरी संगणक नाही."

छान प्रश्न! ताई, गोळे-काड्या म्हणजे रेणूचा फोटो नव्हे, नकाशा आहे. नकाशात तुमची कुंडलिका नदी निळी रेघ असते, म्हणून तिचं पाणी काही शाईसारखं निळं नसतं. १८६५ साली लंडनमध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यानासाठी क्रोके खेळातले लाकडी चेंडूच रंगवून घेतले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. आजही बहुतेक पुस्तकांत हेच रंग दिसतात. मात्र त्याचा मिथेन ताटासारखा सपाट होता. १८७४ साली हॉलंडच्या व्हान्ट हॉफने सांगितलं, की कार्बनच्या चार काड्या सपाट नसतात, चार दिशांना पसरलेल्या असतात. तेव्हा तो होता अवघा बावीस वर्षांचा! एका बड्या प्राध्यापकाने त्याची जाहीर टर उडवली. पुढे १९०१ साली रसायनशास्त्रातलं पहिलंवहिलं नोबेल व्हान्ट हॉफलाच मिळालं. ते दुसऱ्या कामासाठी, पण काड्यांबद्दलही त्याचंच बरोबर निघालं.

आता हलण्याचं. पाण्याच्या रेणूत मध्ये एक लाल गोळा आणि त्याला दोन पांढरे, चांगल्या रुंद उघडलेल्या कात्रीसारखे. ही कात्री सतत उघडझाप करते, सेकंदाला सुमारे पन्नास लाख कोटी वेळा! म्हणजे आपल्याला हा नाच भलताच संथ करून दाखवायचाय.

ती युक्ती आपल्या दादासाहेब फाळक्यांकडून घेऊ. १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. त्यात चक्क आगकाड्या हलायच्या. अशा चित्रपटाची रीत सोपी: एक चित्र घ्यायचं, वस्तू जराशी सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचं. हे काम घरातल्या मोबाइलवरही होतं.

पेण तुमच्यापासून लांब नाही, तेव्हा गणपतीची शाडू मिळेलच. काळ्यासाठी कोळशाची पूड, लालसाठी गेरू, पांढऱ्यासाठी खडू. काड्या म्हणून खराट्याचे हीर. मोबाइल डब्याला टेकवून घट्ट बसवा. सेकंदाला बारा फोटो धरले, तर पाच सेकंदांना साठ लागतात. (आईबाबा, तेवढा तासभर आलेला फोन उचलू नका. मोबाइल केसभर हलला, की सगळं चित्र उडी मारतं!)

पाण्याची कात्री जमली, की मोठा खेळ करा: मिथेन जळताना दाखवा. गोबरगॅसमध्ये जळणारा वायू मुख्यतः हाच. मिथेन उभा करणं सोपं आहे. तीन पांढरे गोळे पायांसारखे जमिनीवर, चौथा डोक्यावर, मध्ये काळा. शेजारी ऑक्सिजनच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत दोन-दोन हीर. आता हळूहळू सोडवा आणि नवीन जोडा. शेवटी कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, लाल-काळा-लाल सरळ रेषेत, आणि पाण्याच्या दोन कात्र्या. खऱ्या ज्योतीत हे इतकं सरळ घडत नाही, मध्ये बरेच तुकडे बनतात आणि मोडतात. तशी चिठ्ठी चित्राखाली जरूर लावा.

पण एक गोष्ट मात्र चुकवायची नाही. एक काळा, चार पांढरे, चार लाल, मिळून नऊ. पहिल्या फोटोत नऊ, तिसाव्यात नऊ, साठाव्यातही नऊ. अणू मध्येच गायब होत नाहीत की नवे टपकत नाहीत. तुमच्या कारखान्यांतही हाच हिशेब चालतो. टँकरमधून आत गेलेला प्रत्येक अणू कुठून तरी बाहेर येतोच, तयार मालातून, धुरातून किंवा सांडपाण्यातून.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मी आणि माझी भाची, आम्ही पहिली फीत केली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे हलणाऱ्या चित्रावर माणसं पटकन विश्वास ठेवतात! फक्त शेजारचा तिसरीतला मुलगा म्हणाला, "काका, एक लाल कुठे गेला?" तो चौतिसाव्या फोटोच्या वेळी पलंगाखाली गेला होता. आम्ही पुढचे सगळे फोटो पुन्हा काढले.

तर ताई, प्रत्येक फोटोआधी बोटाने नऊ मोज. आणि तुझा गोळा कितव्या फोटोला घरंगळला, ते पुढच्या पत्रात कळव.