दहा मिलिवॅटचे दार

या सदरात आम्ही बहुधा शब्दांच्या संगतीत रमतो. या महिन्यात मात्र वाचकांना एका यंत्राकडे नेण्याचा मानस आहे. यंत्र काडेपेटीहून थोडे मोठे, मुठीत मावणारे. त्याची प्रक्षेपणशक्ती अवघी दहा मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे घराच्या चार भिंती ओलांडताना धाप लागावी इतकीच. तरीही या इवल्याशा यंत्राने आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्याचे मिटलेले दार पुन्हा उघडले. ते कसे उघडले, याचीच ही हकीकत.

हे स्नेही म्हणजे भाऊसाहेब. उभी हयात तारखात्यात गेली. १९९० नंतरच्या दशकात, आम्ही नुकतेच शिक्षकी पेशात शिरलो होतो तेव्हा, त्यांनीच आम्हांला मोर्स शिकवली आणि हौशी रेडिओची परीक्षा द्यावयास लावली. या छंदाला जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अधिकारपत्र मिळवावे, स्वतःचे संकेतनाम घ्यावे आणि आकाशमार्गे अनोळखी माणसांशी बोलावे. त्यात व्यापार नाही, वर्गणी नाही. आमच्या हैदराबादेत या छंदाला मान आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमेच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ मध्ये येथेच स्थापन झाली.

भाऊसाहेबांचे जुने घर काचीगुड्यात होते. गच्चीवरून शेजारच्या निंबाच्या झाडापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली असे. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी तेवढी लागतेच. त्या तारेवरून ते रात्री-अपरात्री मोर्समध्ये गप्पा मारीत. पुढे वहिनी गेल्या, घर विकले गेले आणि भाऊसाहेब मुलाच्या पाचव्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आले. तेथील मंडळींनी गच्चीवर तार बांधण्यास साफ नकार दिला. ‘वीज पडेल, टीव्हीत खरखर येईल, आणि दिसते कसे ते!’ भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. संच धुतल्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवला आणि ते खुर्चीत बसून राहू लागले. ऐकू कमी येते असे निमित्त सांगून माणसांत बोलणेही त्यांनी कमी केले. ‘आजोबा दिवसातून दहा वाक्येसुद्धा बोलत नाहीत,’ असे आठवीतल्या नातीने आम्हांला एकदा जिन्यात थांबवून सांगितले. त्या दिवशी आम्ही काही तरी करावयाचे ठरविले.

ते काही तरी म्हणजे घरगुती अंकीय हॉटस्पॉट. मोबाईलवरून शेजाऱ्याला इंटरनेट देणारा हॉटस्पॉट तो हा नव्हे. हे एक चिमुकले घरचे रेडिओकेंद्र असते. हातातल्या वॉकीटॉकीत आपण बोलतो. आवाजाचे अंकांत रूपांतर होऊन तो लहरींवरून या केंद्राकडे जातो. केंद्र तो इंटरनेटवरून हॅम मंडळींच्या सामायिक जाळ्यात सोडते. आणि तिकडे दुसऱ्या कुणाच्या घरचे तसलेच केंद्र, किंवा डोंगरावरचा एखादा रिपीटर, तो पुन्हा लहरींवर चढवितो. दोन्ही टोकांना रेडिओ, मध्ये मात्र इंटरनेट. गच्चीवर तार नको, झाड नको, कुणाची मिनतवारी नको.

भाऊसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते प्रथमच तावातावाने बोलले. ‘मास्तर, तार नाही, आकाश नाही, मग रेडिओ कसला? हा तर टेलिफोनच झाला! २६ डिसेंबर २००४ आठवा. अंदमानात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला होते. गेले होते हौसेने जगाशी बोलायला. पण तारा तुटल्या, फोन मुके झाले आणि त्यांचाच रेडिओ बोलत राहिला. तुमचे हे खेळणे अशा दिवशी काय करील?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, ‘भाऊसाहेब, त्सुनामीच्या दिवशी काय करावयाचे ते तेव्हा पाहू. रोजच्या दिवसाचे काय?’ ते गप्प झाले. मौन ही संमती मानून आम्ही कामाला लागलो.

प्रथम कागदपत्रांचे काम. दोघांच्याही अधिकारपत्रांतील अटी आम्ही पुन्हा वाचल्या, आणि आपले केंद्र सार्वजनिक जाळ्याशी जोडण्यासंबंधी जे विचारावयाचे ते लेखी विचारून घेतले. ज्या वाचकांना या वाटेने जावयाचे असेल त्यांनी ही पायरी गाळू नये. यंत्र बाजारात सहज मिळते, म्हणून ते चालविण्याचा अधिकारही त्यासोबत मिळतो असे नाही. त्यानंतर अधिकारपत्राची प्रत पाठवून भाऊसाहेबांसाठी सात अंकी ओळखक्रमांक मागविला. भारतातील असे क्रमांक ४०४ या अंकांनी सुरू होतात. अंकीय जाळ्यात बोलणारा कोण, हे यंत्रे या क्रमांकावरूनच ओळखतात.

मग पद्धत निवडावयाची. अंकीय आवाजाच्या पद्धती अनेक आहेत. डी-स्टार ही जपानमधील हौशी रेडिओसंघाने घडविलेली. डीएमआर ही युरोपात २००५ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेली. मूळ हेतू व्यावसायिक वापराचा, पण हॅम मंडळींनी ती आपलीशी केली. तिचे संच तुलनेने स्वस्त मिळतात, म्हणून आम्ही तीच घेतली. तिची युक्ती मोठी गमतीची आहे. एकाच वारंवारतेवर तीस-तीस मिलिसेकंदांच्या दोन पाळ्या एकाआड एक चालतात, त्यामुळे साडेबारा किलोहर्ट्झ एवढ्या अरुंद वाटेवरून दोन संभाषणे एकमेकांना धक्का न लावता जातात. शाळेत एकाच खोलीत सकाळची आणि दुपारची पाळी भरवावी, तसे.

केंद्राचे भाग तीन. पहिला, रास्पबेरी पाय झिरो हा छोटेखानी संगणक. लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी तीन. दुसरा, त्याच्या पाठीवर बसणारी रेडिओची पट्टी. तिसरा, नखाएवढे स्मृतिकार्ड. पट्टीचा कारभार पाहणारी एमएमडीव्हीएम ही प्रणाली जोनाथन नेलर या ब्रिटिश हॅमने लिहिली; ती सुलभपणे वापरता यावी म्हणून पाय-स्टार हा संच अँडी टेलर यांनी तयार केला. दोन्ही विनामूल्य आहेत. हौशी माणसाने हौशी माणसासाठी केलेले हे काम पाहून आम्हांस आपल्या जुन्या ग्रंथालयांना पुस्तके देणाऱ्या दात्यांची आठवण झाली.

कार्डावर प्रणाली उतरविण्याचे काम नातीने केले. आम्ही चष्मा पुसत होतो तोवर ते झालेही. केंद्र प्रथम सुरू झाले की ते स्वतःच एक तात्पुरते वायफाय उघडते. त्यात शिरून घरच्या वायफायचे नाव व परवलीचा शब्द द्यावयाचा. मग पडद्यावर एक तक्ता येतो. त्यात संकेतनाम, ओळखक्रमांक, पद्धत, जाळ्याचा सर्व्हर आणि वारंवारता भरावयाची. आपल्याकडे या कामी ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. पैकी ४३५च्या पुढचा भाग उपग्रहांच्या वाटेचा, म्हणून आम्ही त्याच्या खालची, ऐकून मोकळी असल्याची खात्री केलेली जागा घेतली. केंद्र ‘खासगी’ ठेवले, म्हणजे त्यातून केवळ भाऊसाहेबांचाच क्रमांक जाईल. आणि मुळातला परवलीचा शब्द बदलला. हे न करणे म्हणजे घर बांधून कुलूप न लावणे होय.

आता हातातील संच. त्यात वारंवारता, पाळी, रंगसंकेत आणि समूहक्रमांक हे सारे केंद्राशी जुळवावे लागते. एकही अंक चुकला की शांतता. आणि शांतताच झाली! त्या रात्री साडेदहापर्यंत आम्ही कळ दाबीत होतो आणि केंद्र ढिम्म. भाऊसाहेब खुर्चीतून पाहत होते. त्यांच्या मुद्रेवर ‘मी म्हटले नव्हते?’ असे स्पष्ट लिहिलेले होते. शेवटी नातीने संचाच्या पडद्यावर बोट ठेवले. ‘आजोबा, मास्तरकाकांनी रंगसंकेत एकच्या जागी अकरा केलाय.’ आजवर शेकडो उत्तरपत्रिका तपासलेल्या मुख्याध्यापकाने एकाचे अकरा केले! भाऊसाहेब खळखळून हसले. त्या घरात ते हसणे बऱ्याच महिन्यांनी ऐकू आले असावे, कारण स्वयंपाकघरातून सूनबाई बाहेर आल्या.

अंक दुरुस्त केल्यावर चाचणी. जाळ्यावर ९९९० या क्रमांकाला ‘पोपट’ म्हणतात. त्याच्याशी खासगी हाक जोडून बोलावे. आपले बोलणे तो टिपून घेतो आणि क्षणभराने आपल्यालाच ऐकवितो. आमचा आवाज परत आला तो कढईत तळल्यासारखा तुटक. केंद्राच्या पडद्यावर चुकीच्या अंकांचे प्रमाण सहा टक्के दिसत होते. स्वस्त पट्टीतील स्फटिक ठरल्या वारंवारतेपासून किंचित ढळलेला असतो. तेवढे अंतर तक्त्यात नोंदवून भरून काढावे लागते. पाचपन्नास हर्ट्झने पुढेमागे करीत आम्ही ते प्रमाण एक टक्क्याच्या आत आणले. मग पोपट आमच्याच आवाजात स्वच्छ बोलला. आणखी दोन सूचना येथेच देऊन ठेवतो. संच केंद्राच्या अगदी नाकाशी धरू नये, चार-सहा फुटांवरून आणि कमी शक्तीवर बोलावे. आणि केंद्राची वीज एकाएकी तोडू नये. ते रीतसर बंद करावे, नाही तर कार्डावरील प्रणाली बिघडते.

आता भाऊसाहेबांची पाळी. संच हातात घेऊन ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. खरखर नाही, चढउतार नाही. कमी ऐकू येणाऱ्या त्या कानांना एकेक शब्द सुटा मिळत होता. भारताच्या ४०४ या समूहावर दोघे-तिघे बोलत होते. एक थांबला की दुसरा लगेच बोलत नसे. दोन-तीन सेकंदांची जागा सोडी, कुणा तिसऱ्याला यावयाचे असेल तर यावे म्हणून. ‘शिस्त आहे,’ भाऊसाहेब पुटपुटले. अशाच एका रिकाम्या जागेत त्यांनी कळ दाबली आणि आपले संकेतनाम उच्चारले. बस, तेवढेच.

पलीकडे क्षणभर शांतता. मग नाशिकहून एक म्हातारा, कापरा आवाज आला. त्याने ते संकेतनाम पुन्हा विचारले, आणि मग मराठीत म्हणाला, ‘अहो, मी तुम्हाला ओळखतो! चाळीस मीटरवर आपण किती वर्षे मोर्समध्ये बोलत होतो. तुमचा हात मी झोपेतसुद्धा ओळखीन. आवाज मात्र आज प्रथमच ऐकतो आहे. आम्हाला वाटले, तुम्ही गेलात!’

मोर्स पाठविणाऱ्याच्या लयीला ‘हात’ म्हणतात. अक्षराप्रमाणे तोही ज्याचा त्याचा असतो. वर्षानुवर्षे एकमेकांचा हात ओळखणारे हे दोघे एकमेकांचा आवाज न ऐकताच म्हातारे झाले होते. भाऊसाहेबांनी कळ दाबली, पण शब्द फुटेना. केंद्रावरचा तांबडा दिवा तेवढा जळत राहिला. अखेर ते म्हणाले, ‘गेलो नव्हतो. तार उतरली होती.’

पुढे त्यांचे पाऊण तास चालले. दर दहा मिनिटांनी संकेतनाम सांगावयास मात्र भाऊसाहेब विसरले नाहीत. नातीने मध्येच ‘मी एकदा हॅलो म्हणू?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी तिला हातानेच थांबविले. अधिकारपत्राविना बोलावयाचे नाही. नियम तो नियम.

गोष्ट येथे संपविली असती तर ती गोड झाली असती. पण खरी झाली नसती. पंधरा दिवसांनी, अवकाळी पावसाच्या एका संध्याकाळी, त्या भागातील इंटरनेट बंद पडले. केंद्राचा दिवा लागलेला, संच भरलेला, आणि पलीकडे काहीच नाही. आम्ही नेमके तेथेच होतो. भाऊसाहेबांनी आमच्याकडे पाहिले. ‘त्सुनामी आली, मास्तर.’ त्यांच्या बोलण्यात उपरोध होता, पण विषाद नव्हता. उठून त्यांनी कपाटावरचे धोतराचे गाठोडे खाली काढावयास सांगितले. खिडकीच्या गजांतून पडद्याच्या दांडीपर्यंत, खोलीच्या खोलीत, सहा-सात मीटर तार आम्ही तिरपी बांधली. जुळणीचा डबा फिरवून फिरवून तिला संचाशी कशीबशी जुळविले. खरखरीत, ढगांच्या कडकडाटात, एका क्षीण मोर्सचा टिपटिपाट ऐकू आला. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. मग ढगांचा जोर पाहून संच बंद केला आणि तार सोडली. पण त्या दिवसापासून ती गुंडाळी खिडकीपाशीच असते.

आमचे म्हणणे एवढेच. हॉटस्पॉट हे दार आहे, घर नव्हे. ज्याचे आकाश हिरावले गेले, ज्याचे कान थकले, त्याला माणसांत परत आणावयास त्याच्यासारखे साधन नाही. ‘हा खरा रेडिओ नव्हे’ म्हणून त्याला हिणविणे आम्हांस पटत नाही. परंतु ते दार दुसऱ्याच्या बिजागऱ्यांवर फिरते, हेही विसरू नये. जाळे तुटेल त्या दिवशी आपली तार, आपला कान आणि आपला हात शाबूत असला पाहिजे. मोठ्या गोतापासून दूर, परक्या मुलखात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या घरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

नातीला तेरावे लागले आहे. हौशी रेडिओच्या परीक्षेला बारा वर्षे पुरी असली की बसता येते. परवा आम्ही गेलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर चमच्याने टकटक करीत होती आणि भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत होते. ‘ड चुकला,’ ते म्हणाले. ‘पुन्हा.’