विमानाचे अंतर, एसटीचे अंतर

नांदेड आणि लातूर या दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेत मोजले तर सुमारे १२४ किलोमीटर भरते. लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्याने ते दीडशेच्या घरात जाते. रेल्वेने जावयाचे झाल्यास मात्र परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो आणि अंतर दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे ज्या साधनाचे तिकीट सर्वांत स्वस्त, त्याचा मार्ग सर्वांत लांबचा. आणि जो मार्ग सर्वांत जवळचा, त्यावर नियमित विमान एकही नाही!

हा वळसा निसर्गाने घातलेला नाही. १९०० साली सुरू झालेला सिकंदराबाद–मनमाड लोहमार्ग हैदराबाद संस्थानाला मुंबईच्या मार्गाशी जोडण्यासाठी होता. मराठवाड्यातील गावे परस्परांना जोडणे हा त्याचा हेतू नव्हता. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९६० साली महाराष्ट्र झाला, या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. तरी थेट रूळ काही पडले नाहीत. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या निम्मीही या मागणीच्या वाट्याला आली नाही.

विमानतळांच्या बाबतीत शासनाची तत्परता वेगळीच. सार्वजनिक पैशांतून उभारलेले नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील विमानतळ २००९ साली ९५ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे देण्यात आले. पुढील शतकाच्या आरंभापर्यंतची ही मुदत! पुढे ते परत घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड–हैदराबाद विमान सुरू झाले. ठराविक आसने तासाभराच्या प्रवासास सुमारे २५०० रुपये या दराने द्यावयाची आणि कंपनीची तूट निधीतून भरून काढावयाची, अशी ही योजना. त्या निधीतील पाचवा हिस्सा राज्याने सोसावयाचा. शिवाय अशा विमानतळांवरील विमान-इंधनाचा मूल्यवर्धित कर १ टक्क्यावर आणण्याचे राज्यांनी मान्य केले. एसटीच्या तिकिटावर मात्र याच राज्याने वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल केला. अहमदपूरहून दवाखान्यासाठी नांदेड गाठणारी म्हातारी आणि शिकवणीसाठी लातूरला निघालेला शेतमजुराचा मुलगा तिकिटाबरोबर हा कर भरतात. वर महामंडळ तोट्यात चालते म्हणून प्रवचने ऐकावयाची तीही एसटी कर्मचाऱ्यांनीच! २०२१च्या संपात त्यांना महिनोन् महिने हेच ऐकविण्यात आले.

महिलांना २०२३ पासून मिळालेली निम्म्या भाड्याची सवलत स्वागतार्हच आहे. पण गाडीच वेळेवर नसेल तर सवलत घ्यावयाची कशात? जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा रस्त्यावर उतरलेले हात थोडेच होते.

समाजवाद्यांचा विमानाला विरोध नाही. प्रश्न क्रमाचा आहे. एसटीवरील प्रवासी कर रद्द व्हावा आणि नांदेड–लातूर थेट लोहमार्गाला अग्रक्रम मिळावा, या दोन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी लोहा, अहमदपूर व चाकूरच्या बसस्थानकांवर सभा घ्याव्यात. भाषण लांबविण्याची गरज नाही. १ आणि १७.५ हे दोन आकडे फळ्यावर लिहिले तरी पुष्कळ झाले.